फायनलच्या दिवशी दिलेलं आवतण

जालना आमच्यापासून काही लांब न्हाई. बाया दवाखान्याला जातात, लग्नाचा बस्ता बांधायला जातात अन् दिवे लागायच्या आत घरी असतात. पण फुटबॉलची मॅच बघायला आमच्या गल्लीतली एक बी बाई कधी गेलेली न्हाई, म्हणून समद्या मला विचारतात, ग्राउंड कसं व्हतं, लोक किती व्हते, अन् तुझ्या भावानं खरंच तसं केलं का. सांगायला लागले की माझा श्वास पुरत न्हाई, मागचं पुढं अन् पुढचं मागं होतं. म्हणून एकदा लिहूनच काढते, जसं झालं तसं.

वडीगोद्री

ही फायनल कोणाची व्हती ते आधी सांगते. आमचे हे, म्हणजे पिल्याचे पप्पा, गोदाकाठ क्लबचे गोलकीपर. दिवसा उसाचं ट्रॅक्टर चालवतात, अंकुशनगरला कारखान्यावर ऊस टाकतात अन् सांजच्याला तिथंच मैदानात दोन खांबांमंदी उभे राहतात. माझा लहान भाऊ सोपान पूर्णा क्लबचा, तो पुढं खेळतो, गोल मारणारा. माझं माहेर केदारखेडा, तिकडं भोकरदनच्या अंगाला. आमचे आबा मेंढरं राखायचे, आता थोडकीच राह्यलीत. सोपान जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला लागला अन् चंदनझिऱ्याला खोली करून राह्यला.

जिल्ह्याच्या लीगमंदी गोदाकाठ अन् पूर्णा एकमेकाला पाण्यात बघतात. आधीच्या एका मॅचला हे दोघं एकाच बॉलवर पडले. सोपान म्हणला, दाजीनं मुद्दाम गुडघा घातला. हे म्हणले, तुझ्या भावानं माझ्या बोटांवर पाय दिला. लोकांनी धरून बाजूला केलं. तव्हापासून बोलणं बंद. भाऊबीजेला मी ताट करून बसले, तो आला न्हाई, अन् ह्यांनी एका शब्दानं विचारलं न्हाई की कामून आला न्हाई.

अन् त्यातच पिल्याचं जावळ आलं. आमच्यात लेकराचे पहिले केस मामाच्या मांडीवर निघतात. मामा बिरोबाच्या देवळापुढं मांडी घालून बसतो, लेकरू मांडीवर घेतो अन् न्हावी केस काढतो. मामाला आवतण बी फोनवर चालत न्हाई. लेकराच्या आईनं सोता जायचं, हातात नारळ द्यायचा, कपाळाला भंडारा लावायचा, गोड घास चारायचा. भंडारा म्हणजे देवाची हळद, लावलेला पुसत न्हाईत, आपोआप जाऊ देतात. मामा आला न्हाई तर लोक काय समजतात ते बायांना सांगायला नको. समजतात की हिला माहेर राह्यलं न्हाई. मला त्याचंच भ्या बसल्तं. जेवण जात नव्हतं. आई मला न्हाई, आबा थकलेले, माहेर म्हणजे सोपानच.

जावळ धरलं फायनलच्या नंतरच्या आईतवारी. सासूबाई म्हणल्या, "मॅच होऊ दे, मंग दे आवतण निवांत."

मी म्हणले, "आत्या, मॅच झाल्यावर एक जण हारलेला असंल. सोपान हारला तर तो नारळ हातात धरील का? अन् हे हारले तर हे मला त्याच्या दाराला जाऊ देतील का?"

"मंग कव्हा देतीस?"

"फायनलच्या सकाळी. सकाळी कोणीच हारलेलं नसतंय."

सासूबाईंनी भाकर तव्यावर टाकली, उलटली, अन् मंग म्हणल्या, "बराबर बोललीस गं." मला त्या दिवशी वाटलं की आपल्याला बी अक्कल हाये.

ह्यांना सांगितलं न्हाई. हे आदल्या दिवशीच टीमसंगं जालन्याला गेल्ते. मी अन् सासूबाई दुसऱ्या दिवशी क्लबच्या लोकांच्या टेम्पोत बसलो. मागं पोरं, ढोल, लाल झेंडे. पुढं ड्रायव्हरजवळ आम्ही दोघी अन् मांडीवर पिल्या. माझ्या पिशवीत नारळ, भंडाऱ्याची पुडी अन् शेंगापोळ्या.

अंबडच्या रस्त्यानं

धुकं व्हतं. धुकं म्हणजे थंडीचंच न्हाई, त्यात उसाचं पाचट जाळल्याचा धूर मिसळलेला. अंकुशनगरच्या फाट्यावरून उसाची ट्रॅक्टरं निघाल्ती, एकामागं एक, दोन दोन ट्रॉल्या लावलेली, मागं ना लाइट ना लाल कापड. मळीचा आंबूस वास नाकात बसल्ता. आमचा ड्रायव्हर एकेकाला मागं टाकायचा अन् मी दर बारीला डोळे मिटायचे. हे रोज असंच ट्रॅक्टर चालवतात हे मला ठाऊक व्हतं, पण पाठीमागून बघितलं नव्हतं कधी. सासूबाई म्हणल्या, "डोळे मिटून ट्रॉली पातळ होती का?"

मागच्या पोरांमंदून एक जण काचेवर टकटक करून वरडला, "वहिनी, आज नवऱ्याकडून का भावाकडून?"

सासूबाईच म्हणल्या, "ती लेकराकडून हाये. तू आपला ढोल बघ."

अंबडला चहाला थांबलो. सासूबाईंनी डोंगरावरच्या देवीला टेम्पोतूनच हात जोडले. हाटेलात मिरचीची भजी गरम निघत व्हती, बाया फक्त आम्ही दोघीच, त्यामुळं हाटेलवाल्यानं आम्हाला भिंतीकडं तोंड करून बाकडं दिलं. आमच्या केदारखेड्याच्या फाट्यावर असं न्हाई, तिकडं बाई हाटेलात उभ्याउभ्या चहा पिती अन् कोणी बघत न्हाई. इकडं बघतात. मी अर्धा चहा सांडला अन् पिल्यानं उरलेल्यात हात घातला. त्याचा हात भाजला न्हाई, पण तो असा रडला की त्यानं पिलेलं समदं दूध वर आलं, ते बी खिडकीत अडकवलेल्या क्लबच्या झेंड्यावर.

"झालं," ड्रायव्हर म्हणला, "पूर्णावाल्यांचं अर्धं काम भाच्यानं केलं."

समदे हसले. मी बी हसले. पण झेंडा नळाखाली धुताना मी तोच डाग परत परत चोळत राह्यले.

चंदनझिरा

जालन्यात शिरताना कारखान्यांचा धूर दिसतो, धुक्यापेक्षा काळा. टेम्पो ग्राउंडकडं गेला अन् आम्ही रिक्षानं चंदनझिऱ्याला. सोपानची खोली मी आधी बघितली नव्हती. पत्र्याची, एका दाराची, बाहेर प्लास्टिकचा पिंप. दार उघडंच व्हतं, अन् मी आत बघितलं तर माझे पायच थांबले. आत समदी पूर्णाची टीम बसल्ती. रात्री तिथंच झोपल्ते वाटतं. कोणी मोजे घालून राह्यलं, कोणी गुडघ्याला पट्टी बांधून राह्यलं, मंदी वर्तमानपत्रावर मुरमुऱ्यांचा सुशीला ठेवलेला, अन् समद्यांनी हात थांबवून माझ्याकडं बघितलं.

मला वाटलं, परत फिरावं. मी सासूबाईंना हळूच म्हणले बी, "आत्या, नको."

सासूबाई म्हणल्या, "एवढं लांब आलो ते काय दार बघायला?"

सोपान उठला. वाळलाय, असं मला पहिलं वाटलं. त्यानं आधी सासूबाईंच्या पायाला हात लावला, मंग पिल्याकडं बघितलं. पिल्या चार महिन्याचा असताना त्यानं बघितल्ता, त्यानंतर आत्ताच. म्हणला, "आक्का, हा तर आबासारखा दिसून राह्यला."

"जावळ हाये," मी म्हणले. "पुढच्या आईतवारी. आवतण घेऊन आले."

मंग त्यानं पोरांना सरकवून भिंतीकडं सतरंजीवर जागा केली अन् मांडी घालून बसला. मी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, जरा जास्तच लावला. नारळ त्याच्या हातात दिला. शेंगापोळीचा घास चारला. एक पोरगा मोबाइल धरून म्हणला, "आक्का, इकडं बघा," अन् फोटो काढला. मी पदर सारखा केला अन् बघितलं. मला त्यात काय कळतंय. वाटलं, बरं झालं, आठवण राहील.

"येशील ना?" मी म्हणले.

"येतो ना. मामा हाये मी त्याचा."

"अन् दाजी?"

"दाजीचं अन् माझं ग्राउंडवर. जावळाला काय त्याचं?"

त्यांचे कोच, कादर सर, दाराशी उभे व्हते. वयस्कर माणूस, गळ्यात शिट्टी. ते सोपानला म्हणले, "बेटा, मुँह धो ले. ये पीला निकाल."

सोपान म्हणला, "सर, भंडारा हाये. पुसत न्हाईत आमच्यात."

सरांनी माझ्याकडं बघितलं, सासूबाईकडं बघितलं. "ठीक है," म्हणले. "देवाचं हाये तर राहू दे. पण डोक्यात मॅच ठेव, बस."

बाकीची पोरं एकमेकाकडं बघत व्हती. ज्या पोरांना माझ्या नवऱ्याला आज हारवायचं व्हतं त्यांच्या मंदी बसून मी आवतण दिलं, ही गोष्ट माझ्या तव्हा ध्यानातच आली न्हाई. मला एवढंच दिसत व्हतं की भाऊ हो म्हणला. रिक्षात बसल्यावर मी रडले. सासूबाई म्हणल्या, "आता कामून रडतीस? झालं ना काम." खरंच वाटत व्हतं की झालं.

ग्राउंड

ग्राउंड म्हणजे आमच्याकडं कुस्तीचा फड असतो तसं असंल असं मला वाटल्तं. तसं न्हाई. फडात लोक जवळ असतात, पैलवानाचा घाम उडतो. हे लई मोठं, अन् माती उडत व्हती, गवत कुठंकुठंच. एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या, बाकी लोक दोरीच्या बाहेर उभे. बायांसाठी जागा म्हणून न्हाईच. एका माणसानं आम्हाला गोलपोस्टच्या मागं, जराशी बाजूला, खुर्च्या दिल्या. शेजारी मोसंबीच्या रसाची गाडी. सासूबाईंनी एक गिलास घेतला अन् म्हणल्या, आपल्या मळ्यातलं बरं.

हे उलटीकडच्या गोलमंदी व्हते पहिल्या अर्ध्यात, बाहुलीएवढे दिसत व्हते. आमच्याकडं पूर्णाचा गोलकी. आमच्या लाल पोरांनी एक गोल मारला तो माझ्या डोळ्यापुढं, पण मी पिल्याची टोपी शोधत व्हते खुर्चीखाली. नुसता आवाज आला. मान वर केली तर समदे नाचत व्हते अन् सोपान मैदानाच्या मधोमध कंबरेवर हात ठेवून उभा. मला आनंद झाला का दुःख झालं ते मला तव्हा कळलं न्हाई अन् आत्ता बी कळत न्हाई.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या अन् हे आमच्या पुढ्यात आले. आम्हाला बघून ह्यांनी हात केला. पिल्या "पपा, पपा" करून राह्यला. मंग सोपान सारखा आमच्याकडंच यायला लागला बॉल घेऊन. त्याचं पळणं मला ठाऊक हाये, मेंढरामागं असंच पळायचा, खांदा वाकडा करून. कपाळावरचा भंडारा घामानं नाकावर उतरल्ता. एकदा त्यानं मारलेला बॉल ह्यांच्या बोटाला लागून बाहेर गेला. हे उठले अन् त्याच्याकडं बघितलं न्हाई, त्यानं बी न्हाई.

मॅच संपत आली तव्हा आमच्या एका पोरानं त्यांच्या एकाला गोलपुढंच पाडलं. शिट्टी. भांडणं. मंग पंचानं बॉल उचलून ठिपक्यावर ठेवायला सांगितला. मी शेजारच्या माणसाला विचारलं, काय झालं. तो म्हणला, "पेनल्टी. आता फक्त मारणारा अन् गोलकी. बरोबरी झाली तर अजून खेळावं लागंल, चुकली तर कप आपला."

"मारणारा कोण?"

त्यानं सांगायच्या आधीच मला दिसलं.

सोपाननं बॉल ठेवला. मागं सरकला. मी डोळे मिटणार व्हते, पण मिटले न्हाईत. त्यानं एकदा वर बघितलं. ह्यांच्याकडं बघितलं का ह्यांच्या मागं बसलेल्या आमच्याकडं, ते मला सांगता यायचं न्हाई, एकाच रेघेत व्हतं समदं. पळत आला अन् मारला. हे एका अंगाला पडले अन् बॉल छातीशी धरूनच उठले.

जरा वेळानं शिट्टी वाजली. लाल पोरं ह्यांच्यावर पडली, ढोल वाजला, गुलाल उडाला. सोपान ठिपक्यावर तसाच बसला, डोकं गुडघ्यात घालून. त्याला उठवायला कोणी गेलं न्हाई. ते मला पहिलं वेगळं वाटलं. आपलं माणूस पडलं तर पोरं उठवतात.

मंग एक जण आला त्यांचा, सकाळी मोजे घालत व्हता तो. त्यानं सोपानच्या कपाळाला बोट लावलं, पिवळं बोट समद्यांना दाखवलं. मी लांब व्हते, पण आवाज आला. "बहिणीनं नारळ दिला सकाळी. दाजीला कप दिला ह्यानं."

मी पिल्याला सासूबाईकडं दिलं अन् दोरीखालून आत पळाले, चप्पल तिथंच राह्यली. मी म्हणत व्हते, "न्हाई हो, जावळाचं आवतण व्हतं, जावळाचं." कोणी ऐकलं न्हाई. दोघांनी त्याची जर्सी डोक्यावरून ओढून काढली. मारलं न्हाई त्याला, मला वाटलं मारतील, पण नुसती जर्सी काढली अन् तो उघडाच उभा राह्यला थंडीत. कादर सर मंदी आले. त्यांनी आपला कोट त्याच्यावर टाकला अन् म्हणले, "घर जा, सोपान. आज किसी से बात मत कर."

मी सरांना म्हणले, "सर, तुम्ही व्हता ना तिथं. तुम्हीच सांगा की."

सर म्हणले, "बेटी, मी व्हतो म्हणूनच काय सांगू? मी म्हणलो व्हतो, पुसून टाक."

सोपान माझ्याकडं न बघता गेला.

परतीला

टेम्पोत आता हे बी व्हते, मागं, कप घेऊन. शहराबाहेर पडेपोतर ढोल चालूच. ऊन उतरत व्हतं अन् कापसाच्या पऱ्हाट्या वाळून काळ्या उभ्या व्हत्या दोन्ही अंगाला. अंबडच्या अलीकडं ढोल एकदम थांबला. मी काचेतून मागं बघितलं. समदी पोरं एका मोबाइलवर वाकल्ती. तो फोटो आल्ता. मी भंडारा लावून राह्यले, सोपानच्या हातात नारळ.

एक जण म्हणला, "म्हंजे धरली न्हाई गोलकीनं. हातात दिली व्हय सासुरवाडीनं."

चेष्टेतच म्हणला. हसले बी काही जण. पण हे हसले न्हाईत. ह्यांनी मोबाइल घेतला, फोटो बघितला, परत दिला. गुलाल तोंडावर तसाच. कप शेजारच्याच्या मांडीवर ठेवला अन् उसाच्या ट्रॉल्यांकडं बघत बसले.

घरी आल्यावर मला म्हणले, "मला न इचारता गेल्ती?"

"आवतण द्यायला गेल्ते. आत्या संगं व्हत्या."

"मी काय न्हाई म्हणणार व्हतो? मॅच झाल्यावर मीच आलो असतो तुझ्यासंगं."

हे मला ठाऊक नव्हतं. ते असं कधी बोललेच नव्हते.

दोन-तीन दिवस गेले. कारखान्याच्या वजनकाट्यावर, चहाच्या टपरीवर, समदीकडं तीच गोष्ट. ह्यांच्या त्या उडीचं कोणी नाव काढलं न्हाई. शेवटी हे म्हणले, "तू जा केदारखेड्याला, तो खोली सोडून तिकडंच गेलाय म्हणतात. इचार त्याला. दिली का मी धरली, एवढंच इचार. मला कळलं पायजे."

केदारखेडा

ह्या बारीला मी एकटीच, पिल्याला घेऊन. यष्टी बदलताना जालन्याच्या स्टँडवर मी पदर डोक्यावरून पुढं ओढला, वाटलं समदे मला वळखतात. कोण वळखतंय. राजूरला गाडी थांबली तव्हा गणपतीच्या वाटेनं चाललेले लोक दिसले, फुलं, पेढे. मी बसूनच राह्यले.

सोपान घरी नव्हता, नदीकडं मेंढरं घेऊन गेल्ता. आबा म्हणले, कामावरून आलाय ते गेलाच न्हाई, तिथं समदे पूर्णाचेच हायेत त्याच्यासंगं, तोंड कसं दाखवील. क्लबनं बी त्याला यायचं न्हाई म्हणून सांगितलंय. आबांनी मला पिठलं-भाकर वाढली. मी दोन घास खाल्ले अन् नदीकडं गेले.

पूर्णेला पाणी थोडंच व्हतं, मंदी मंदी डबकी. मेंढरं बाभळीखाली व्हती. सोपान घोंगडी अंथरून बसल्ता. कपाळ कोरं व्हतं, आता काही राह्यलं नव्हतं त्यावर. पिल्याला बघून उठला, घेतलं, घोंगडीवर बसवलं, त्याच्या हातात एक काडी दिली.

मी म्हणले, "माझ्यामुळं झालं."

"तुला काय ठाऊक खोलीत समदे असतील म्हणून."

"मी सांगते ना समद्यांना. मी जाते त्या सरांकडं."

"नको जाऊस, आक्का. तू बोललीस की अजून वाढतंय."

मेंढरं चरत राह्यली. मी पिल्याच्या अंगावरची माती झटकली. शेवटी म्हणले, "तुझे दाजी इचारतात. दिली का त्यांनी धरली."

त्यानं लांब गेलेलं एक मेंढरू हाकून जवळ आणलं. मंग म्हणला, "मी उजवीकडंच मारतो. कायम. पळत आलो तव्हा दाजी आधीच उजवीकडं झुकलेले दिसले मला. दिसले, आक्का. पाय फिरवायचा व्हता फक्त. डावीकडं समदं मोकळं व्हतं."

"मंग?"

"न्हाई फिरवला."

"कामून?"

"तेच मी इथं बसून बघून राह्यलो. मला ठाऊक न्हाई. मागं तुम्ही दिसत व्हता. पिल्या हात वर करून व्हता. पोरं म्हणतात मी मुद्दाम केलं. मी न्हाई म्हणतो. पण रात्री वाटतं, केलं बी असंल."

मी म्हणले, "आईतवारी ये. मामा हायेस."

"मी आलो तर काय म्हणतील? नारळ घेतला, कप दिला, अन् जेवायला बी आला. अन् दाजीला म्हणतील, बघा, आला. त्यांचं बी नाव खराब." त्यानं पिल्याच्या केसांतून बोटं फिरवली, लई वाढलेत, डोळ्यावर येतात. "मी येत न्हाई, आक्का. तू बोलवून घेऊ नकोस मला परत. तू बोलावलंस तर मला न्हाई म्हणता येत न्हाई."

मंग मी बोलावलं न्हाई. एवढंच मला त्याच्यासाठी करता आलं.

निघताना आबा म्हणले, "भोकरदनच्या चुलत्याच्या पोराला धाडतो. ज्ञानोबाला. तो बी मामाच हाये." मी हो म्हणले.

घरी येऊन ह्यांना समदं सांगितलं, सोपान बोलला तसंच, एक शब्द कमी केला न्हाई. मला वाटलं, हे चिडतील. हे ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले व्हते, हाताला ग्रीस. म्हणले, "म्हंजे मी आधीच झुकलो व्हतो."

मी त्यांना हात पुसायला चिंधी दिली.

"खरं हाये ते," हे म्हणले. "बॉल निघायच्या आधीच झुकलो. मलाच ठाऊक व्हतं ते." अन् हात पुसत बसले.

बिरोबाचं देऊळ

आईतवारी ज्ञानोबा आला, सकाळीच, नवे कपडे घालून, पिल्याला टोपडं घेऊन. चांगला माणूस, पण पिल्यानं त्याला कधी बघितलेलं न्हाई, अन् त्यानं पिल्याला. गल्लीतले लोक आल्ते, क्लबची पोरं आल्ती. मामा कोण बसतो ते बघायलाच आल्ती असं मला वाटलं. ज्ञानोबा देवळापुढं मांडी घालून बसला. पिल्या त्याच्या मांडीवर रडायला लागला, माझ्याकडं हात करून. न्हाव्यानं केस पाण्यानं भिजवले.

पुजारी म्हणला, "मामाचं नाव सांगा, देवाला सांगायचंय."

ज्ञानोबानं आपलं नाव सांगायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "सोपान."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. ज्ञानोबा लाजला अन् खाली बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तोंडावर पदर घेतला. पुजारी म्हणला, "म्हंजे हे सोपान?"

"न्हाई, हे ज्ञानोबा," मागून एक जण म्हणला.

तव्हा हे पुढं आले. क्लबच्या समद्या पोरांपुढं. ज्ञानोबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "भाऊ, राग धरू नका." अन् पुजाऱ्याला म्हणले, "तेच नाव घ्या. मामा तोच हाये. तो आला न्हाई ते आमच्यामुळं."

पुजाऱ्यानं भंडारा उधळला अन् देवाला मोठ्यानं सोपानचं नाव सांगितलं. न्हाव्यानं वस्तरा लावला. पिल्याचे केस ज्ञानोबाच्या नव्या पॅन्टवर पडत राह्यले, अन् पिल्या रडत राह्यला, डोकं समदं कोरं होईपोतर.